सोमवार सोडून कधीही

पितळेच्या वाटीच्या काठावर उमटणारा एक कोरडा, स्वच्छ नाद, टक, टक, असा दोनदा, आमच्या भवानी पेठेतल्या घराची सकाळ उघडत असे. बंबाचा निळसर धूर अंगणात रेंगाळत असायचा, शेजारच्या बोळातले माग नुकतेच खडखडू लागलेले असायचे, आणि पूर्वेच्या दारातून आत शिरलेल्या उन्हाच्या तिरप्या पट्ट्यात, चौकटीच्या खिळ्याला टांगलेल्या आरशापुढे माझे सासरे उभे असायचे: खांद्यावर पंचा, गळ्यात लिंगाची चांदीची डबी, अर्ध्या गालावर पांढरा फेस, आणि आभाळात काहीतरी शोधत असल्यासारखी वर उचललेली हनुवटी. रेझर गालावरून खाली उतरला की वाटीतल्या पाण्यात बुडायचा, काठावर दोनदा वाजायचा आणि पुन्हा वर जायचा. तिसरा ठोका त्या काळात मी कधी ऐकला नाही. चुलीपाशी बसून मी त्या ठोक्यांवर भाकरी उलटत असे. घरात घड्याळ होतं, पण ते आमच्या ह्यांच्या गिरणीच्या पाळीसाठी, माझ्या तव्याला त्याचा उपयोग नव्हता.

त्यांचं नाव मल्लप्पा. आम्ही सगळे अप्पा म्हणायचो. नव्या पेठेतल्या एका कापडदुकानात ते उभी हयात गादीवर बसले. मालकी दुसऱ्याची, पण हात अप्पांचा. खणाच्या काठाला कात्रीनं जराशी खाच पाडून ते कापड दोन्ही हातांनी असं फाडत की धाग्यानं धागा सोडावा, पण वाट सोडू नये. गिऱ्हाईक बायका दुसरा गुमास्ता मोकळा असला तरी थांबून राहत, म्हणत, "मल्लप्पांनाच फाडू द्या की." अंगानं किरकोळ, रंगानं सावळा असा हा माणूस, बोलणं कमी, हसणं मात्र चेहऱ्यावर सतत तयार, कुणी नुसतं दारातून डोकावलं तरी डोळ्यांच्या कोपऱ्यांतून ते आधी बाहेर यायचं. आणि तो चेहरा नेहमी धुतलेल्या पाटीसारखा स्वच्छ, गुळगुळीत, त्यावर कधी सावली म्हणून नाही.

मी अक्कलकोटकडची. माहेरी कन्नड, लग्न होऊन आले तेव्हा माझी मराठी शाळेच्या पुस्तकातली होती आणि जीभ घरच्या मिरचीची. आमच्याकडे आठवड्याला न्हावी ओसरीवर यायचा आणि घरातले पुरुष रांगेनं माना त्याच्या हवाली करायचे. त्यामुळे सासऱ्यांचा रोजचा हा आरशापुढचा थाट बघून मला पहिल्यांदा हसू फुटलं होतं. पदर होता म्हणून निभावलं. वाटलं, म्हाताऱ्याला भारीच नटायची हौस.

हौस तर उघडच होती. अप्पांच्या कोनाड्यात एक शिसवी पेटी होती आणि तिच्यात दुकानातल्या मलमलीच्या चिंध्या अंथरून त्यांवर रेझर निजवलेले होते. तान्ही मुलं निजवावीत तसे, असं मी एकदा ह्यांना म्हटलं होतं. कुणाला फणीसारखे दात, कुणाची मूठ मक्याच्या कणसासारखी दाणेदार. एकाच्या बुडाची कळ फिरवली की माथ्याची दोन दारं उघडत आणि आत पातं ठेवून पुन्हा मिटत. हा गिरणीतल्या कुणा गोऱ्या साहेबाचा, साहेब जहाजानं मायदेशी गेला आणि रेझर इथंच राहिला. एक प्रवासातला, काडेपेटीएवढ्या डबीत तीन तुकड्यांनी मावणारा. थंडीत, गड्ड्याच्या जत्रेच्या सुमाराला, अप्पा जड रेझर काढत, कारण गरम पाण्याची ऊब तो गालापर्यंत धरून नेतो. चैत्रात ऊन तापू लागलं की हलका, पातळ मुठीचा. पातं बोथट झालं तरी लगेच टाकायचं नाही: काचेच्या पेल्याच्या आतल्या अंगाला पाणी लावून ते बोटाच्या टोकानं मागंपुढं फिरवायचं, तेव्हा पेल्यातून एक बारीक गाणं निघायचं. अगदीच निकामी झालं की ते मोडून अर्धं माझ्याकडे यायचं, शिवण उसवायला.

हे सगळे रेझर जुन्या बाजारातले. गोणपाटावर मांडलेल्या गंजक्या कुलपांच्या, बिजागऱ्यांच्या, फुटक्या कंदिलांच्या ढिगातून सुटीच्या दिवशी अप्पा एकेक उचलून आणत. आता पुरुषाच्या दाढीचा रेझर बाजारात कधी येतो? तो माणूस गेल्यावर. गेलेल्याचं अंथरूण, चपला, दाढीचं सामान घरात कुणी ठेवत नाही. शेजारच्या बायका माझ्या कानाशी लागायच्या, काय गं बाई तुझा सासरा, मेलेल्यांच्या वस्तू रोज गालाला लावतो. मी एक दिवस धीर करून, मान खाली घालून, अप्पांना ते सांगितलं. ते मुठीत रेझर धरून खळखळून हसले. म्हणाले, "मेलेल्याचा म्हणून काय झालं? त्यानं दाढी जित्यापणीच केलीया की."

पेटीत एक मात्र विद्रूप होता. एकेकाळी त्यावर सोन्याचं पाणी होतं म्हणे. अप्पांनी आणलेला सगळ्यांत देखणा तोच. सासूबाईंना, म्हणजे अव्वांना, मी पाहिलं नाही, त्या माझ्या लग्नाच्या आधीच गेल्या. एका संक्रांतीला त्यांनी देवाची उपकरणी, समया, तांबे घासायला काढले आणि नवऱ्याची वस्तूही उजळून ठेवावी म्हणून त्या रेझरलाही चिंच आणि राख लावून कसून घासलं. सोनं धुऊन गेलं आणि खालचं पितळ उघडं पडलं, तेही कुठं पिवळं, कुठं काळपट. अव्वांना वाटलं, काय लखलखीत झाला. त्यांनी तो देवाच्या ताटात ठेवून नवऱ्याला दाखवला. अप्पा हे सांगताना दर वेळी इथं थांबत. "मी म्हटलं, बेस झालाय. दुसरं काय म्हननार?" अव्वा गेल्यावर तो चिंचेनं घासलेला रेझर त्यांनी पेटीत सगळ्यांत वर ठेवला, आणि सणासुदीला हाताशी घेतला तर तोच.

पण हौशीच्या खाली धास्ती होती, आणि ती मला संसाराला वर्ष उलटल्यावर कळली. आमच्यात, लिंगायतांत, माणूस गेला की त्याला आडवं नेत नाहीत. न्हाऊ घालून, भस्म लावून, हातात लिंग देऊन भिंतीशी बसवतात. मग फुलांनी सजवलेल्या विमानात, म्हणजे खांद्यावरच्या मखरात, बसवूनच वाजतगाजत मिरवत नेतात, आणि मातीही बसवूनच देतात. तोंड उघडं. वाटेवरची दारं, खिडक्या, दुकानं, सगळी त्या तोंडाकडे शेवटचं बघून घेतात. अप्पांचे वडील केम गावी स्टेशनाजवळ किराण्याचं छोटं दुकान चालवत, तिथंच तापानं आठवडाभर पडून वारले. वार सोमवार. सोमवार म्हणजे महादेवाचा, त्या दिवशी वस्तरा हातात धरणार नाही म्हणून न्हावी आला नाही, आणि घरात कुणाला दाढी करता येत नव्हती. तशाच खुरट्या, पांढऱ्या, तापाच्या घामानं चिकटलेल्या दाढीनिशी त्यांना बसवलं आणि नेलं. विमानाला खांदा दिलेल्या अप्पांच्या कानावर वाटेवरच्या एका बाईचं बोलणं पडलं, "ह्यो कोन गोसावी गं?" ज्या माणसानं तिला जन्मभर मीठमिरची दिली, त्याला तिनं ओळखलं नाही.

ते मला एका रविवारी सांगून झाल्यावर अप्पांनी फेसाळलेला ब्रश झटकला आणि म्हणाले, "झोपून जानाऱ्यांचं बरं असतंय. कापड वढलं तोंडावर की झालं. आपल्याला बसून जायचंय, सगळ्या पेठंदेखत. तोंड नको का सारखं केलेलं?" तेव्हापासून म्हणे त्यांनी दाढीचा एक दिवस चुकवला नव्हता. एक सोमवार सोडून. बापाला ज्या वारानं असं नेलं, त्या वाराचा राग त्यांनी धरला नाही, व्रत पाळलंच. फक्त रविवारी उलटसुलट दोन्ही बाजूंनी इतका बारीक हात फिरवायचा, की सोमवारची भीती निम्मी व्हावी. "सोमवार सोडून कधीबी ने म्हनून सिद्धरामाला सांगून ठेवलंय," ते म्हणाले, "पन देवाचं काय, त्याला ऐकायला लई जनं. सोमवारीच गेलो, तर तू सांग सगळ्यास्नी. अप्पाला तसं न्यायचं न्हाय." मी म्हटलं, "सांगते की." माणूस ठणठणीत उभा, गालावर साबण, अशा वेळी दिलेल्या शब्दाचं वजन कुणाला कळतं?

बहात्तरचा दुष्काळ आला. सोलापूरच्या उन्हाला मुळात दया कमी, त्यात त्या साली आभाळानं तोंडच फिरवलं. नळाला पाणी येईल तेव्हा येई; अंगणातला रांजण तळाला गेला की अप्पा दाढीला फक्त अर्धी वाटी पाणी घेत आणि ते फेसाळ पाणीही तुळशीत ओतत. त्या अर्ध्या वाटीत मला पहिल्यांदा तरंग दिसला. वाटी दगडावर ठेवलेली, वारा नाही, आणि अप्पांनी रेझर नुसता पाण्याला टेकवला तर पाणी गोल गोल हलत राहिलं. मग काठावरचा ठोका तिसराही वाजला. मी भाकरी उलटायला गेले आणि हात तसाच राहिला.

आम्ही दुष्काळाला नावं ठेवली. रेशनच्या लाल मिलोच्या, त्या परदेशी ज्वारीच्या, भाकरीनं अंगात त्राण राहत नाही, असं हे म्हणाले, मीही म्हटलं, अप्पांनीही मान डोलावली. पण पुढच्या साली पाऊस झाला, पांढरी ज्वारी घरात आली, आणि ठोके वाढतच गेले. टकटकटक, टकटक; जणू कुणी परकं माणूस सारखी दाराची कडी वाजवत होतं. दुकानात एका लग्नाच्या साड्यांवरचा खण त्यांच्या हातून वाकडा फाटला. त्या दिवशी अप्पा दुपारीच घरी आले, कात्री कोनाड्यात रेझरच्या पेटीवर ठेवली आणि भिंतीकडे तोंड करून निजले. डॉक्टर म्हणाले, कंपवात. औषध दिलं, आणि आमच्या ह्यांना बाजूला घेऊन सांगितलं की फार आशा धरू नका.

हा रोग चोरासारखा येतो असं लोक म्हणतात; मला तर तो घरात राहायला आलेल्या पाहुण्यासारखा वाटला, रोज एकेक वस्तू आपली म्हणणारा. आधी हात घेतला, मग पावलं आखूड केली, मग आवाज इतका खाली नेला की बोलणं ऐकायला वाकावं लागे. शेवटी तो हसण्यापाशी आला. डोळ्यांच्या कोपऱ्यांत सतत तयार असलेलं ते हसू हळूहळू येईनासं झालं. चेहरा ताठ, निश्चल, एखाद्या बंद दुकानाच्या फळ्यांसारखा झाला. ज्या चेहऱ्याला शेवटच्या मिरवणुकीसाठी त्यांनी इतकी वर्षं जपलं, तो त्या दिवसाच्या आधीच निघून चालला होता, आणि आम्ही तिघं एका घरात बसून ते बघत होतो. मला रडू यायचं. रागही यायचा, कुणाचा ते कळायचं नाही, म्हणून मी भांडी आपटायची.

गालांवर ओरखडे दिसू लागले. तुरटीचा खडा एका महिन्यात झिजला. आमचे हे स्वतः कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये जायचे, त्यांना वाटलं सोपं आहे. एका सकाळी त्यांनी तिथल्या न्हाव्याला घरी आणलं. बिचारा सभ्य माणूस, गरम पाणी मागून घेतलं, वस्तऱ्याला पट्ट्यावर धार दिली, आणि अप्पांनी मान फिरवली. त्या खोल गेलेल्या आवाजात म्हणाले, "परका हात मेल्यावर लागतोच की. आता कशाला?" न्हावी पाणी तसंच ठेवून गेला. मग अप्पांची दाढी वाढली. पांढरी, खुरटी. पेठेतल्या लोकांना वाटलं काही नवस बोललाय. अप्पा आरशाकडे पाठ करून बसू लागले, आणि मला केमच्या त्या बाईचा प्रश्न, जिला मी कधी पाहिलं नव्हतं, दिवसभर ऐकू यायचा.

एका सकाळी हे पाळीला गेल्यावर अप्पांनी पुन्हा साबण लावला. मी आतून ऐकत होते. ब्रश वाटीवर आपटला, रेझर काठावर भराभर वाजला, मग फरशीवर पडल्याचा आवाज, आणि मग काहीच नाही. बराच वेळ काहीच नाही. मी तवा उतरवला आणि बाहेर गेले. अप्पा खुर्चीत बसले होते, गालावरचा फेस वाळून त्याचे पापुद्रे झाले होते, आणि रेझर पायांपासून लांब गेला होता; त्यांना वाकून उचलता येत नव्हता आणि मला हाक मारायची नव्हती.

सासऱ्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू न देणारं घर आमचं. त्यांच्या अंगाला हात लावायचा तो पाया पडताना, तोही पायांनाच. मी पदर दातांत धरला, रेझर उचलला, नवं गरम पाणी आणलं, आणि त्यांच्यासमोर उभी राहिले. काय करते आहे हे मी बोलले नाही. अप्पांनी माझ्याकडे पाहिलं, हनुवटी वर केली, आणि डोळे मिटून घेतले. सुनेला संकोच नको म्हणून म्हाताऱ्यानं एवढी वाट काढली. तो बघत नाही, म्हणजे मीही इथं नाही.

पहिल्या दिवशी मी दोन ठिकाणी कापलं. ते दचकले असतील तर कळलं नाही, थरथरीत वेगळं हलणं आता उरलंच नव्हतं. पण हात शिकतो. डाव्या अंगठ्यानं कानापासची कातडी वर ताणायची, रेझर दाबायचा नाही, त्याच्या वजनानंच उतरू द्यायचा. बरोबर चालला की तवा खरवडल्यासारखा बारीक आवाज येतो, चुकला की आवाज बंद होतो. थरथर थांबत नसे, पण तिला मधे मधे एक विसावा असतो, श्वास आत जाण्याआधीचा. तेवढ्यात ओठावरचा हात मारायचा. अप्पा मिटल्या डोळ्यांनी बोट वर करून त्या दिवशीचा रेझर सांगत, थंडीत जड, उन्हाळ्यात हलका, आणि सणाला अव्वांचा. दाढीच्या वेळी मी दार लोटून घेत असे; सोमवारी ते उघडंच राही, एवढाच सोमवार. हे संध्याकाळी घरी येऊन बापाचा गुळगुळीत गाल बघायचे आणि खूश व्हायचे. म्हणायचे, "अप्पांचा हात सुधारतोय बघ." अप्पा गप्प, मी गप्प. घरात एक माणूस तरी सुखात आहे, हे आम्हा दोघांनाही बरं वाटायचं.

अप्पा गेले श्रावणातल्या सोमवारी. देवानं ऐकलं नाही. ऊन नुकतं दारात आलं होतं, मी चहा घेऊन गेले आणि उंबऱ्यातच मला कळलं, कारण खाटेवर पडलेला तो उजवा हात शांत होता. इतक्या वर्षांनी तो हात मी स्थिर पाहिला. ओरडण्याऐवजी मी चहा खाली ठेवला आणि त्या हाताकडे बघत बसले. मग ह्यांना हाक मारली. ते पाळीचा सदरा घालत होते, एक बाही घातलेली, एक लोंबती.

आदल्या रविवारी अप्पांना ताप होता, अंगाला हात लावू देत नव्हते. त्याआधीचे दोन दिवसही तसेच गेले होते. त्यामुळे गालांवर खुरटी दाढी दिसत होती, बारीक, पांढरी, उन्हात मीठ सांडल्यासारखी. माणसं जमली. केमहून काका, अप्पांचे धाकटे भाऊ, दुपारच्या गाडीनं आले. विमान सजत होतं, वाजंत्री बोळाच्या तोंडाशी बसली होती, आमचे स्वामी विधीसाठी येऊन भस्माची थैली सोडत होते. न्हाऊ घालायची तयारी झाली तेव्हा मी पुढं झाले आणि म्हटलं, "आधी दाढी करायची."

काकांनी माझ्याकडे पाहिलंही नाही, ह्यांनाच घरच्या नावानं हाक मारून म्हणाले, "आरं बसू, सोमवार हाय. त्यात श्रावन. आजच्या दिवशी लोखंड लावत्यात व्हय? आमच्या आन्नाला बी तसंच नेलं की." त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. रडून डोळे सुजलेला म्हातारा माणूस, वडिलांचं जसं झालं तसंच भावाचं व्हावं, त्यात त्याला रीत दिसत होती. आमचे हे खाली बघत उभे. बायकांत कुजबुज झाली. मी पदर सावरला. म्हटलं, "आन्नांना तसं नेलं, म्हणूनच अप्पा जन्मभर घाबरून राहिले. मला सांगून गेलेत ते. मी शब्द दिलाय. तसं नेऊ देणार नाही."

स्वामींनी थैली बाजूला ठेवली, अप्पांच्या तोंडाकडे जरा वेळ पाहिलं, आणि ह्यांना म्हणाले, "माणूस लिंगैक्य झाला, बसू. आता त्याला सोमवार कुठला नि मंगळवार कुठला? कर तू."

मी पेटी आणली. वरचाच काढला, अव्वांनी घासलेला. पातं चढवलं, पाणी आणलं, फेस केला, आणि रेझर ह्यांच्या हातात दिला. तेवढ्या लोकांसमोर तो मी हातात धरणं शक्य नव्हतं. काकांनीच खाली बसून भावाचं डोकं मांडीवर घेतलं. ह्यांनी कधी दुसऱ्याच्या गालाला रेझर लावला नव्हता. ते अडखळले. मग मी लोकलाज बाजूला ठेवली, पुढं वाकले, डाव्या अंगठ्यानं कानापासची कातडी वर ताणून धरली आणि म्हटलं, "असं. दाबू नका, त्याच्या वजनानं येऊ द्या." ह्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. तीन पावसाळ्यांच्या सकाळी त्या एका क्षणात त्यांना कळल्या. अप्पांचा हात कधीच सुधारला नव्हता, हेही कळलं. त्यांचे डोळे भरले, आणि ते पुन्हा रेझरकडे वळले.

तेव्हा मी तो पाहिला. ह्यांचा अंगठा. मुठीवर टेकलेला, आणि आपल्याआपण, तर्जनीवर गोळी वळत असल्यासारखा, बारीक, संथ, सारखा हलत होता. तो थरथराट मला नवा नव्हता. तीन वर्षं रोज सकाळी मी त्याच्या विसाव्यातून वाट काढली होती. हनुवटीखाली ह्यांचा हात घसरला आणि चीर पडली. मी सवयीनं पेटीतली तुरटी काढली, पाण्यात बुडवली आणि चिरेवर दाबून धरली. धरून राहिले, मग लक्षात आलं की रक्त आलेलंच नाही.

चेहरा निघाला मात्र सुरेख. रोगानं घातलेल्या फळ्या कुठं गेल्या होत्या कुणास ठाऊक. कपाळावर भस्म, गळ्यात हार, भिंतीला टेकून बसलेले अप्पा दुकानाला निघाल्यासारखे दिसत होते. विमान बोळातून नव्या पेठेकडे वळलं तेव्हा मी दारात उभी होते. दुकानांच्या पायऱ्यांवर माणसं उभी राहिली, बायकांनी खिडक्यांतून हात जोडले, आणि कुणीतरी म्हणालं, मल्लप्पा चालले. नावानिशी म्हणालं. तेवढ्यासाठीच हा सगळा खटाटोप होता.

गेलेल्याच्या वस्तू घरात ठेवत नाहीत. पुढं पेटी जुन्या बाजारात गेली, जिथून त्यातला प्रत्येक रेझर आला होता तिथंच. एक तेवढा, अव्वांचा, मी मागं ठेवला. हे कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये जायचे ते बंद झाले. रोज सकाळी, सोमवार सोडून, त्याच खिळ्याच्या आरशापुढं उभे राहतात, बापासारखी हनुवटी वर करतात. त्या दिवशीचा अंगठा मी त्यांना सांगितलेला नाही. दुःखानं कुणाचाही हात थरथरतो, असं मी मनाला समजावते. पण दुष्काळालाही आम्ही अशीच नावं ठेवली होती. मी चुलीपाशी बसून कान देते. रेझर पाण्यात बुडतो, काठावर वाजतो, टक, टक, आणि मग क्षणभर घरात कसलाच आवाज नसतो. त्या क्षणात अप्पा असतात, आणि अजून न आलेली सगळी वर्षं असतात. तिसरा ठोका वाजला नाही असं पक्कं होईतो मला हात उचलवत नाही. त्यामुळे हल्ली आमच्याकडे भाकरी एका बाजूनं करपते. हे गुमान खातात, विचारत नाहीत.